गाडी आमची, किल्लीचा कोड मात्र कंपनीचा : ग्राहक व्यवहार विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : हरवलेल्या कारच्या किल्लीचा खर्च आणि दुरुस्तीचा हक्क

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

कारची किल्ली हरवली तर नवी करून घ्यायला किती पैसे लागतील, हे गाडी घेताना कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. टायरचा भाव चार दुकानांत विचारता येतो, बॅटरीचा येतो, बंपरचाही येतो. किल्लीचा भाव ती हरवल्यावरच कळतो, आणि तोही एकाच खिडकीवर. साध्या चिपवाल्या किल्लीला काही हजार. पुश बटणाची गाडी असेल तर दहा-पंधरा हजार ऐकायची तयारी ठेवावी लागते. सगळ्याच किल्ल्या गेल्या असतील तर टोइंग आणि लॉकसेट (गाडीची सगळी कुलपं) धरून आकडा कुठे थांबेल ते सांगता येत नाही. परदेशी महागड्या गाड्यांची तर गोष्टच वेगळी, त्यांच्या किल्ल्या अनेकदा बाहेरून मागवाव्या लागतात. मी लिहितो आहे ते साध्या गाड्यांबद्दल, हप्ते भरून घेतलेल्या.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण मिरजेहून गणपतीपुळ्याला गेली होती. गाडी सेकंडहँड हॅचबॅक. आधीच्या मालकाने एकच किल्ली दिली होती. दुसरी सापडली की पाठवतो म्हणाला, ते तिथेच राहिलं. भाच्याला घेऊन पाण्यात उतरलेल्या मेहुण्यांच्या खिशातून ती एकुलती एक किल्ली लाटेबरोबर गेली. ओहोटीला वाळू तुडवून पाहिली, पण ती सापडण्यासारखी नव्हतीच.

रत्नागिरीहून एक चावीवाला मोटारसायकलवर आला. मोठा कसबी माणूस. कोरी पट्टी लॉकमध्ये घालायची, दाब देऊन हलवायची, बाहेर काढून उन्हात धरायची, जिथे बारीकसा वळ उमटला असेल तिथे कानस मारायची, पुन्हा आत घालायची. असं करत करत तासाभराच्या आत त्याने पट्टीला दात पाडले. दार उघडलं, स्टिअरिंगचं लॉक सुटलं. बहिणीने किल्ली फिरवली, स्टार्टर फिरला, इंजिनाने क्षणभर धरलं आणि ते बंद पडलं. मीटरमध्ये किल्लीच्या आकाराचा छोटा लाल दिवा लुकलुकत राहिला. ‘चिप मागतेय ताई, आणि माझं मशीन या मॉडेलला चालत नाही,’ तो म्हणाला. येण्याजाण्याच्या पेट्रोलसकट त्याने ८०० रुपये घेतले.

मग टोइंगची गाडी बोलावली. रत्नागिरीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यायचे ३,५०० रुपये. तिथे एस्टिमेटच्या कागदावर दोनच ओळी होत्या : किल्ली, आणि प्रोग्रॅमिंग. जीएसटी धरून ९,४०० रुपये. सगळ्याच किल्ल्या गेल्यात तर लॉकसेटच बदलून टाका, असा सल्लाही मिळाला. त्याचा आकडा १९,००० च्या पुढे जात होता. किल्लीच्या पाकिटावरची छापील किंमत किती आणि मजुरी किती, हे बहिणीने विचारलं. ‘सिस्टिम जे दाखवते ते हेच आहे मॅडम.’ किल्ली कंपनीकडून यायला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. सगळे एसटीने घरी आले आणि मेहुण्यांना गाडी आणायला रजा काढून पुन्हा जावं लागलं. मधल्या काळात मी त्याच कंपनीच्या सांगलीतल्या सर्व्हिस सेंटरला फोन करून भाव विचारला. किल्ली तीच, कोडिंगचा आकडा मात्र १,५०० रुपयांनी कमी. रत्नागिरीत उभ्या असलेल्या बंद गाडीला त्या माहितीचा काय उपयोग होता?

मी नावं घेत नाही, कारण हे एका सेंटरचं किंवा एका कंपनीचं दुखणं नाही. तिथली माणसं नीट बोलली, काम नीट झालं. अडचण व्यवस्थेत आहे आणि ती आपल्या विभागाच्या अखत्यारीत येते, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

९,४०० रुपये कशाचे दिले, ते जरा उलगडून सांगतो. किल्लीच्या काळ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे दार उघडणारा रिमोट. त्याला नाण्याएवढा सेल लागतो. दुसरी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चिप. तिला सेल लागत नाही. किल्ली खोचायच्या जागेभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, त्यातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते. तेवढ्यात गाडी तिला ओळख विचारते आणि ती उत्तर देते. उत्तर जुळलं तर इंजिन चालू राहतं, नाहीतर बंद पडतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात. नवी चिप गाडीला ओळखीची करून द्यायची असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडी तपासण्यासाठी दिलेल्या खाचेला) मशीन जोडायचं, गाडीचा गुप्त पिन टाकायचा आणि चिपची नोंद करायची. पिन हातात असेल तर अनेक गाड्यांमध्ये हे काम चहा थंड व्हायच्या आत उरकतं.

पट्टीचे दात पाडायला काय लागतं ते गणपतीपुळ्याला दिसलंच. चिप आणि रिमोटचा भाग ही काही सोन्याची वस्तू नाही. महाग आहे तो पिन, आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर चॅसी नंबरसमोर लिहिलेला असतो. म्हणजे गाडीचे पूर्ण पैसे, रोड टॅक्स आणि विमा भरलेल्या मालकाला स्वतःची गाडी सुरू करण्याची परवानगी पुन्हा विकत घ्यावी लागते. घर बांधून देणाऱ्या कंत्राटदाराने कुलपाचा साचा स्वतःकडे ठेवून घ्यावा आणि किल्ली हरवली की दर वेळी आपल्या मर्जीने भाव सांगावा, तसा हा प्रकार आहे. आणि हे कारपुरतंही राहिलेलं नाही. आता स्कूटरलाही स्मार्ट की येते.

कंपन्यांचं यावर ठरलेलं उत्तर आहे : सुरक्षितता. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे मी मान्य करतो. इमोबिलायझरने कारचोऱ्या कमी केल्या. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, तो उगाच नाही. पिन कुणालाही मिळायला लागला तर चोरांचं फावेल, ही भीती खरी आहे. पण आजच्या गुप्ततेने चोर अडला आहे का? दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे चावी कोडिंगची मशीनं सापडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या तीन संशोधकांना अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘मेगॅमॉस’ चिपमधली त्रुटी सापडली. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या हायकोर्टातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली आणि तो २०१५ मध्येच प्रसिद्ध होऊ शकला. पण ज्या सॉफ्टवेअरवरून त्यांना त्या चिपचं गुपित उलगडलं, ते आधीपासून इंटरनेटवर मिळत होतं. ज्याला चोरी करायची आहे त्याला मशीन मिळतं. समुद्रात किल्ली गमावलेल्या माझ्या बहिणीला मिळत नाही.

सुरक्षितता आणि मालकाचा हक्क दोन्ही सांभाळता येतात, हे दुसऱ्या देशांनी करून दाखवलं आहे. अमेरिकेत वाहन कंपन्या आणि दुरुस्ती व्यवसाय यांच्यातल्या ‘नास्टफ’ या संस्थेकडे चावीवाल्यांची नोंदणी होते. ओळख आणि पूर्वेतिहास तपासूनच परवानगी मिळते. कोड घेताना गाडी कुणाची, मालकाची ओळख कशी पटवली, याचा कागद चावीवाल्याला जपून ठेवावा लागतो. पुढे ती गाडी चोरीला गेली तर कोड कुणी काढला ते पोलिसांना लगेच कळतं. युरोपीय संघात २०२३ पासून ‘सर्मी’ ही पद्धत लागू होऊ लागली. तिथेही गुन्हेगारी नोंद तपासून स्वतंत्र मेकॅनिकला प्रमाणपत्र मिळतं आणि मग इमोबिलायझरची माहिती त्याच्यासाठी खुली होते. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणायला लावला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही, उलट मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. २०११ मध्ये एका ग्राहकाने तीन कार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली : सुटे भाग आणि तपासणीची मशीनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत. चौकशीचा आवाका वाढत गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा, बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असं बजावलं. बौद्धिक संपदेची सबब आयोगाने मान्य केली नाही. नंतर अपिलं झाली, दंडाचा मुद्दा कोर्टकचेऱ्यांत गेला. पण गाडी विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीचा बाजार एकट्या कंपनीच्या मुठीत असू नये, हे तत्त्व तेव्हा या देशात लेखी नोंदवलं गेलं. किल्ली या बाजाराच्या अगदी गाभ्यात आहे, कारण बंपर बाहेरचा लावला तरी गाडी चालते, किल्लीशिवाय ती जागची हलत नाही.

आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या चार क्षेत्रांमध्ये वाहनं होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. ही पावलं मोलाची होती आणि आम्ही ती आशेने पाहिली. मी ते पोर्टल उघडून बघितलं. कंपन्यांची ग्राहक सेवा आणि वॉरंटी यांची माहिती मिळते. पण किल्ली हरवली तर किती पैसे लागतील, किती दिवस थांबावं लागेल, कोणती कागदपत्रं द्यावी लागतील, याचं सगळ्या कंपन्यांचं एकत्र कोष्टक मला तिथे मिळालं नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी (वस्तू दुरुस्त करणं किती सोपं, हे दाखवणाऱ्या मापासाठी) समिती झाली, मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. त्यात भर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आहे. मोबाइल महत्त्वाचाच, पण घरानंतरची बहुतेक कुटुंबांची सगळ्यात मोठी खरेदी गाडी असते. ती रांगेत मागे का राहावी?

किल्ली हरवल्यावर ‘राहू दे, दुसरीवर भागवू’ असंही म्हणता येत नाही, त्याचं कारण विमा. गाडी चोरीला गेली आणि दावा केला, की विमा कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक दिली की प्रश्न सुरू होतात : दुसरी कुठे आहे, गाडीतच राहिली होती का, कुणाला दिली होती का. म्हणून किल्ली हरवली की लगेच पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी (ती आता ऑनलाइनही होते), विमा कंपनीला कळवावं, नवी किल्ली करून घेताना हरवलेलीची नोंद गाडीतून पुसून टाकायला सांगावं आणि पावती जपून ठेवावी. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही मुद्दाम लिहितो. नेहमीच्या पॉलिसीत किल्लीचा खर्च सहसा येत नाही, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. म्हणजे किल्ली नसली तर दावा अडतो, आणि ती मिळवायची तर कंपनी सांगेल तो भाव. दोन्ही बाजूंनी कोंडी ग्राहकाचीच.

चावीवाल्यांबद्दल इथे थोडं बोललं पाहिजे. प्रत्येक गावात मंडईजवळ किंवा एसटी स्टँडबाहेर एखादी टपरी असते. कानस आणि पट्टीच्या जोरावर या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पोट भरलं. आता गाड्या बदलल्या, तसे त्यांच्यातले हुशार लोक कर्ज काढून कोडिंगची मशीनं घेतात, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतात. कामही चोख करतात आणि बहुतेकदा सर्व्हिस सेंटरपेक्षा बऱ्याच कमी पैशांत करतात. पण ते सगळं अर्ध्या अंधारात चालतं. मशीनमधलं सॉफ्टवेअर कुठून आलं ते विचारायची सोय नाही, पावती नसते. आपल्या किल्लीची नोंद कुणाकडे राहिली का, हे ग्राहकाला कळत नाही. आणि एखादी चोरी झाली की पोलिसांची पहिली नजर या टपरीवर जाते. या माणसाला नोंदणी, प्रशिक्षण आणि कायदेशीर मार्गाने पिन मिळवण्याची सोय द्या. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत, त्यात इमोबिलायझर आणि किल्लीच्या कोडिंगचा भाग घालता येईल. रत्नागिरीहून आलेल्या त्या माणसाकडे अधिकृत लॉगिन असतं, तर बहिणीची आरसी आणि आधार पाहून, नोंद करून, त्याच संध्याकाळी त्याने गाडी सुरू करून दिली असती.

माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक कंपनीने प्रत्येक मॉडेलच्या किल्लीची किंमत, कोडिंगची मजुरी आणि लागणारा कमाल वेळ आपल्या संकेतस्थळावर आणि सर्व्हिस सेंटरच्या दर्शनी भागात लावावा, किल्लीचा आणि मजुरीचा आकडा वेगवेगळा. सुट्या भागाच्या पाकिटावर छापील किंमत असतेच, वैधमापन शास्त्राचं (वजनमापं आणि पाकिटावरच्या छापील माहितीवर नजर ठेवण्याचं) कामही आपल्याच विभागाकडे आहे, मग एस्टिमेटमध्ये ती किंमत मजुरीत का मिसळली जावी? लॉकसेट बदलायचा की नाही, हा निर्णय मालकाचा असावा. हरवलेली चिप गाडीतून पुसली की त्या किल्लीने गाडी सुरू होत नाही, फक्त दाराचं लॉक उघडू शकतं, एवढं त्याला स्पष्ट सांगितलं जावं. मग ज्याला धोका वाटेल तो लॉकसेट बदलेल. समुद्रात बुडालेल्या किल्लीसाठी १९,००० रुपये घालवायची गरज नाही.

दुसरं, मालकाला आपल्या गाडीच्या किल्लीचा नंबर आणि इमोबिलायझरचा पिन लेखी मागता यावा. ओळख पटवून, आरसी तपासून, नोंद ठेवून द्या, पण तो नाकारता येऊ नये. बऱ्याच गाड्यांबरोबर किल्लीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी येते. डिलिव्हरीच्या पेढे-हारांच्या गडबडीत ती कुठे जाते ते कुणी बघत नाही आणि तिचं महत्त्वही कुणी सांगत नाही. सेकंडहँड गाड्यांसाठी परिवहन मंत्रालयाशी बोलून एवढं तरी करून घ्या : मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये किती किल्ल्या दिल्या-घेतल्या याची एक ओळ असावी. माझ्या बहिणीसारखे एका किल्लीवर गाडी घेणारे लोक या राज्यात जागोजागी आहेत, आणि विकणाऱ्याला आज ते सांगायचंही बंधन नाही.

तिसरी गोष्ट वेळ घेणारी आहे, हे मला समजतं. नोंदणीकृत चावीवाल्यांना पिन मिळण्याची यंत्रणा उभारायची तर गृह विभाग, वाहन कंपन्या, विमा नियामक या सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागेल. पण ते टेबल मांडायचा अधिकार आपल्याकडेच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं केलं. अनुचित व्यापारी प्रथा थांबवण्याचे अधिकार त्याला आहेत. किल्लीचा भाव हरवण्याआधी न सांगणं आणि हरवल्यावर दुसरा पर्याय न ठेवणं ही अशी प्रथा आहे का, याची स्वतःहून चौकशी त्याने करावी, अशी माझी विनंती आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किल्लीच्या खर्चाबद्दल आजवर किती तक्रारी आल्या, तो आकडाही प्रसिद्ध करावा.

या पत्राची प्रत राज्याच्या परिवहन आयुक्तांना पाठवत आहे. आपल्याकडून मला दोन प्रश्नांची लेखी उत्तरं हवी आहेत : २०२२ च्या समितीने वाहनांच्या बाबतीत किल्ली आणि इमोबिलायझरच्या पिनचा विचार केला आहे का, आणि केला असेल तर त्याची अंमलबजावणी कोणत्या तारखेपासून होणार आहे.

आपला,
एक कारमालक, सांगली